वडाला फेऱ्या मारणाऱ्या बाईनं विधवा प्रथेवर बोलायचं नाही?

शिरोळची सून
परवा एका ताईंनी ग्रुपवर लिहिलं, "वडाला फेऱ्या मारणाऱ्या, हळदीकुंकवात मिरवणाऱ्या बायकांनी विधवा प्रथेच्या बैठकीला येऊन आमचा वेळ खाऊ नये. आधी स्वतःचं कपाळ कोरं करा." वर पटापट लाइक पडले. गप्प बसणार होतो, पण राहवेना.

त्या बैठकीत मी होतो. रुपयाएवढं कुंकू लावून मागं बसलेल्या ज्या मावशींवर हा टोमणा आहे, त्या आमच्या गल्लीतल्या. त्यांचा मुलगा गेला तेव्हा सुनेच्या बांगड्या फोडायला बायका दगड घेऊन पुढं आल्या. मावशींनी सुनेचे दोन्ही हात आपल्या पदराखाली धरले ते सोडलेच नाहीत. नणंदेनं शिव्या घातल्या, भावकी वर्षभर बोलत नव्हती. त्या मावशी दरवर्षी वडाला जातात. काढा आता त्यांना बाहेर.

राजारामपुरी, सातवी गल्ली
ते वाक्य माझंच, आडून बोलायची गरज नव्हती. मावशींचं मला माहीत नव्हतं. तरी मुद्दा तोच राहतो. मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, त्याच महिन्यात शासनानं परिपत्रक काढलं, सगळीकडं कौतुक झालं. पण झालं काय? विधवेला कुंकू परत मिळालं, कुंकवावरून बाईची किंमत करणं तसंच राहिलं. मी घटस्फोटित आहे. आमच्या अपार्टमेंटमध्ये संक्रांतीला मला वाण दारातच देतात, वर "आत गर्दी आहे हो" म्हणतात. बावीस वर्षं गर्दीच आहे. त्या गर्दीतल्या बायकांबरोबर मी घोषणा द्यायच्या?

आणि "मी होतो" काय? होते म्हणा.

शिरोळची सून
वाणाचं वाचून वाईट वाटलं, खरंच. पण कोल्हापुरात बायका आलो-गेलोच म्हणतात. आता क्रियापदंपण सोवळ्यात घेणार काय?

आडवी बाटली
आमच्या गावाचं सांगते. दारूबंदीच्या मतदानात नुसतं बहुमत चालत नाही. गावातल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला, म्हणजे दुकान बंद करायच्या चिन्हाला, पडावी लागतात. आमच्यातल्या दोघी-तिघींनी ठरवलं, अमक्या पक्षाची नको, जत्रेला बोकड कापणारी नको, बुवाच्या बैठकीला जाणारी नको. त्या रुसून घरी बसल्या. घरी बसलेली बाई म्हणजे उभ्या बाटलीलाच मत. थोडक्यात गेलं. दुकान अजून चालू आहे, एसटी स्टँडच्या शेजारी.

राजारामपुरी, सातवी गल्ली
डोकी मोजून चळवळ होत नसते. शाहू महाराजांनी १९१७ ला विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला तो काय मतदान घेऊन?

आडवी बाटली
ते छत्रपती होते. तुम्ही ग्रुपच्या अ‍ॅडमिन आहात.

भांगलणवाली
कुंकवाचं राहू दे, बैठक सकाळी ११ ला कोण ठेवतंय ते सांगा. ११ ला आम्ही उसात असतो. त्या दिवशी रोज बुडवून आलो, तर आधी पाऊण तास फ्लेक्सवर कुणाचा फोटो ह्यावरच भांडण. वर एकीनं विचारलं, "तुमच्यातल्या अजून कुणी नाही आल्या?" तुमच्यातल्या म्हणजे कुणाच्या?

पेन्शनर काकू
मग संध्याकाळी ६ ला ठेवू.

भांगलणवाली
६ ला धार काढून डेअरीला दूध घालायचं असतंय.

पेन्शनर काकू
रात्री ८?

भांगलणवाली
परत जायला एसटी तुम्ही सोडणार काय?

पेन्शनर काकू
रविवारी ठेवा मग.

आडवी बाटली
रविवारी आमच्या गावचा बाजार.

पेन्शनर काकू
प्रत्येक वाराला काहीतरी असतंच तुमचं. पोटतिडीक असली की माणूस वेळ काढतो. आम्ही नोकरी, दोन पोरं, सासू सांभाळून मोर्चाला जात होतो.

भांगलणवाली
रजा टाकून जात होता काकू. भरपगारी. आमचा रोज बुडला की त्या दिवशीचं तेल-मीठ उधारीवर.

शिरोळची सून
बैठक गावात का नाही होत कधी? दरवेळी कोल्हापुरात शाहू स्मारकच्या हॉललाच कशाला?

पेन्शनर काकू
माझ्या गुडघ्यांना विचारा.

राजारामपुरी, सातवी गल्ली
धागा कुठल्या कुठं नेलात. असो. मावशींबद्दल लिहिलं ते मागं घेते, भेटून सांगेन. वडाबद्दलचं नाही घेत. "तुमच्यातल्या" कोण म्हणालं ते मला माहीत आहे, तिच्याशी मी बोलते. पुढची बैठक दुपारी २ ला, जेवणाच्या सुट्टीत, तुमच्या बांधावर. चालेल?

भांगलणवाली
चालेल. भाकरी आपापली आणा. आणि काकूंना खुर्ची.

पेन्शनर काकू
गाडी बांधापर्यंत येते का?