मदत हवी आहे: फॉरवर्ड वाचून बाबांनी स्टॅटिन बंद केलंय, कसं बोलू?

नमस्कार मंडळी,

बाबा ६८ वर्षांचे. ३ वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली, तेव्हापासून रोज रात्री स्टॅटिनची, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करणारी गोळी चालू होती. गोळ्यांची पट्टी संपतच नाहीये हे मागच्या महिन्यात आईच्या लक्षात आलं. विचारलं तर बाबांनी फोन पुढे केला. 'ही गोळी स्नायू खाते, डॉक्टर सांगणार नाहीत' असा लांबलचक मेसेज. वर दोन बाण, म्हणजे बऱ्याच हातांतून फिरून आलेला. खाली कुठल्यातरी बातमीचा मथळा: पाचातल्या एकाला दुष्परिणाम.

दोन रात्री बसून मी त्या आकड्याचा माग काढला. बहुधा तो २०१३ सालचा आहे. बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकातल्या दोन लेखांत १८ ते २० टक्के लोकांना त्रास होतो असं छापून आलं होतं. ज्या अभ्यासाचा हवाला दिला होता त्यातून हे निघतच नव्हतं, म्हणून २०१४ मध्ये ते विधान मागे घेतलं गेलं. पण तोवर बातम्यांनी धुरळा उडवला होता. त्या काळात ६ महिन्यांत ब्रिटनमध्ये २ लाखांहून जास्त रुग्णांनी स्टॅटिन सोडलं असावं, असा अंदाज पुढे बीएमजेमध्येच २०१६ साली आला. दुरुस्ती कोण फॉरवर्ड करतं? आकडा मात्र अजून फिरतोय.

हे सगळं मी घरच्या ग्रुपवर टाकलं. तिथेच चुकलं. काका, आत्या, सगळ्यांदेखत बाबांना खोटं पाडल्यासारखं झालं. "मला शिकवू नकोस" एवढंच म्हणाले आणि तेव्हापासून विषय काढला की उठून जातात.

माझी खरी अडचण वेगळीच आहे. त्यांच्या पोटऱ्या खरंच दुखायच्या, गोळी सोडल्यावर बरं वाटतंय म्हणतात. काही जणांना स्टॅटिनने स्नायुदुखी होते, हे मलाही मान्य आहे. पण २०२० मध्ये आलेला सॅमसन नावाचा एक प्रयोग वाचला. त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्या ६० जणांना वर्षभर आलटूनपालटून एखादा महिना स्टॅटिन, एखादा महिना औषध नसलेली तशीच गोळी, एखादा महिना काहीच नाही, असं दिलं. गोळीमुळे जेवढा त्रास वाटला, त्यातला जवळजवळ ९० टक्के औषध नसलेल्या गोळीनेही झाला. म्हणजे दुखणं खरं असतं, पण बऱ्याचदा ते गोळीच्या धास्तीने येतं. हे बाबांना सांगायचं कसं? 'तुझ्या मते मी नाटक करतोय' असंच त्यांना ऐकू जाणार.

आई तर गोळी कुटून गुपचूप द्यायची म्हणत होती. मी कडाडून नको म्हटलं. कळलं तर आमच्यावरचाही विश्वास जाईल.

डॉक्टर म्हणाले, घेऊन या, मात्रा कमी करता येईल, दुसरं औषधही बघता येईल. बाबा यायला तयार नाहीत.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी असं झालं होतं का? पहिलं वाक्य काय बोललात? मेसेजचा विषय अजिबात न काढता फक्त पोटऱ्यांच्या दुखण्यासाठी म्हणून त्यांना डॉक्टरांकडे नेलं तर चालेल, की ती फसवणूक होईल? तपासणी येत्या गुरुवारी आहे, त्याआधी कुणी सांगू शकलं तर फार बरं होईल.