मोकळ्या मैदानावरचं स्टेज: वजन वाढवायचं की वाऱ्यावर नजर ठेवायची?

(टोपणनावांनी तिघांचा वाद.)

ओळंबा: 13 ऑगस्ट 2011, इंडियाना स्टेट फेअर ही जत्रा, इंडियानापोलिस, अमेरिका. ताशी साधारण 95 किमी वेगाचा झोत आला, मंचाचं छत कोसळलं, 7 माणसं गेली. छताचे तणावे (छत धरून ठेवणारे तिरके दोर) रस्त्यावरच्या काँक्रीट दुभाजकांना बांधलेले होते. दुभाजक सरकले. तरीही आपल्याकडे तोच हिशेब चालतो : काँक्रीटचा ठोकळा एक टनाचा, म्हणजे तणावा एक टन धरणार.

अजिबात नाही. तणावा 45 अंशात असला की ठोकळा जितका आडवा ओढला जातो तितकाच वरही उचलला जातो. जमिनीशी घर्षण 0.3 धरा (म्हणजे जमिनीवर पडणाऱ्या भाराच्या 0.3 पट आडव्या जोराला ठोकळा सरकतो), टनाचा ठोकळा जेमतेम 230 किलो आडवा जोर सोसतो. आता वारा बघा. चौरस मीटरमागे दाब = 0.6 × वेगाचा वर्ग (वेग मीटर/सेकंद, दाब न्यूटनमध्ये). मंचामागचं 10 बाय 8 मीटरचं कापड, वारा ताशी 72 किमी : सुमारे दोन टन जोर. आधी वजन, मग बाकीचं.

चेनब्लॉक: गणित बरोबर, निष्कर्ष चूक. 95 किमीला त्याच कापडावर साडेतीन टनांच्या आसपास जोर येतो. तुमच्याच 230 च्या हिशेबाने नुसत्या कापडासाठी 15 टन काँक्रीट लागेल. शाळेच्या मैदानाच्या फाटकातून क्रेन तरी आत जाते का? कापड उतरवलं की तो जोरच उरत नाही. छताच्या उंचीवर वायुवेगमापक (वाऱ्याचा वेग मोजणारं यंत्र) लावा. 10 मीटर/सेकंदाला कापडं खाली, 15 ला मंच रिकामा करून छत खाली.

ओळंबा: छत खाली? चेन मोटर (छत वर-खाली करणारी साखळीची मोटर) मिनिटाला 4 मीटर सोडते हे खरं, पण खाली ड्रम, मॉनिटर, एलईडी वॉल उभी असते. ती हलवेपर्यंत वळवाचा झोत येऊन गेलेला असतो. आणि एलईडी वॉल काही कापडासारखी ओढून काढता येत नाही. 6 बाय 4 ची भिंत म्हणजे 24 चौरस मीटरचं शीड. इंडियानात वादळाचा इशारा आलेला होता. कार्यक्रम थांबवायचा अधिकार कुणाचा, हेच स्पष्ट नव्हतं. सरकलेल्या दुभाजकाला वायुवेगमापक काय सांगणार?

मुरूम: दोघंही जमीन विसरलात. डांबरावर ठोकळ्याखाली रबराची चटई टाका, घर्षण 0.5 धरलं तरी 230 चे 330 किलो होतात. ओल्या काळ्या मातीत चटईचा उपयोग शून्य, खालचा चिखलच सरकतो. तिथे मीटरभर लोखंडी खुंटे, डोकं तणाव्याच्या उलट दिशेला कललेलं. ठोकून झाले की चेन ब्लॉक (हाताने ओढायची साखळी-कप्पी) आणि जोर मोजणारा काटा लावून एकेक ओढून बघा. पाऊस पडून गेला की पुन्हा ओढा, कोरड्यातला आकडा तेव्हा धरू नका.

चेनब्लॉक: खुंटे मान्य. पण कापड तरी सुटण्यासारखं बांधा. प्लॅस्टिकच्या टायने आवळलेलं असतं. भर वाऱ्यात 8 मीटरवर कटर घेऊन कोण चढणार?

ओळंबा: कुणीच नाही. म्हणून ते कापड सुटणार नाही असं धरूनच वजन काढायचं.