कांद्याची निर्यातबंदी: सत्तेवरच्या पक्षाचे नाव झाकून पारख करता येईल का?

कसमादे (प्रश्न)

डिसेंबर २०१० मध्ये कांद्याचे भाव भडकले तेव्हा केंद्रात काँग्रेसप्रणीत सरकार होते, कृषिमंत्री शरद पवार होते आणि निर्यात थांबवण्यात आली. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रात भाजपचे सरकार होते आणि निर्यात पुन्हा थांबवण्यात आली. पहिल्या वेळी ज्यांनी या निर्णयाला शेतकरीद्रोह म्हटले, त्यांतल्या बऱ्याच जणांना दुसऱ्या वेळी शहरातल्या गरिबाच्या ताटाची काळजी वाटू लागली; उलट बाजूच्या मंडळींचेही नेमके तसेच झाले. बंदी बरोबर की चूक, एवढाच माझा प्रश्न नाही. सत्तेवर कोण आहे हे झाकून ठेवून अशा निर्णयाची पारख करता येते का, आणि येत असेल तर कोणत्या निकषांवर?

हिशेबवही

येते, पण त्यासाठी निर्णयाची तारीख आणि त्या तारखेला बाजारात असलेला माल पाहावा लागतो. २०२३ चा क्रमच घ्या. ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यातशुल्क, ऑक्टोबरच्या अखेरीस टनामागे ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य (त्याहून स्वस्तात निर्यात करता येत नाही) आणि ८ डिसेंबरपासून ३१ मार्च २०२४ पर्यंत संपूर्ण बंदी. ऑगस्टमध्ये शेतकऱ्याच्या चाळीत, म्हणजे साठवणीच्या शेडमध्ये, उन्हाळ कांदा असतो आणि तो काही आठवडे राखून धरता येतो. डिसेंबरमध्ये येतो तो खरिपाचा लाल कांदा. तो टिकत नाही, काढला की विकावाच लागतो. म्हणजे ज्या शेतकऱ्याला थांबण्याची सोयच नव्हती त्याच्या वाट्याला सर्वांत कडक उपाय आला आणि लासलगावचे दर काही आठवड्यांत निम्म्याच्या आसपास उतरले. पुढे मार्चमध्ये, नव्या उन्हाळ कांद्याची आवक सुरू होत असताना, बंदीला मुदतवाढ मिळाली. हे कोणत्याही पक्षाने केले असते तरी मी त्याला वाईट आखणीच म्हटले असते.

दुसरा निकष परदेशी गिऱ्हाइकाचा. २०१९ च्या सप्टेंबरअखेर अचानक बंदी आल्यावर बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना यांनी दिल्लीत येऊन, आपण स्वयंपाक्याला कांदा वापरू नको असे सांगितल्याचे हसत ऐकवले होते. त्यानंतर वर्षाच्या आतच, सप्टेंबर २०२० मध्ये, पुन्हा बंदी आली. अशा विक्रेत्यावर कोणी विसंबून राहत नाही, आणि ही पत बंदी उठल्याच्या दुसऱ्या दिवशी परत मिळत नाही.

रेशनकार्ड

या हिशेबात भूमिहीन मजूर कोठेच नाही. तो कांदा पिकवणाऱ्याच्याच शेतात राबतो, पण कांदा विकत घेतो. २०१२ आधारवर्षाच्या ग्राहक किंमत निर्देशांकात अन्न व पेयांचा भार ४५.८६ टक्के होता. गरीब कुटुंबाच्या खर्चात अन्नाचा वाटा त्याहूनही मोठा असतो. २०१६ पासून महागाई चार टक्क्यांच्या आसपास ठेवण्याचे उद्दिष्ट रिझर्व्ह बँकेवर आहे आणि व्याजदर वाढवून कांद्याचा भाव काही उतरत नाही, त्यामुळे सरकारवर दुसरी हत्यारे वापरण्याचा दबाव येतोच. १९९८ मध्ये दिल्ली राज्यातली सत्ता भाजपने गमावली, त्यात कांद्याच्या भावाचा मोठा वाटा होता. ती आठवण सर्वच पक्षांना आहे.

‘प्रत्येक सरकार शेतकऱ्याचे शत्रू’ हाही एक पूर्वग्रहच आहे. १ एप्रिल २०२५ पासून निर्यातशुल्क पूर्णपणे रद्द झाले, तरी त्या हंगामात भाव पडलेलेच राहिले, कारण उत्पादन भरपूर झाले होते. प्रत्येक मंदीचे खापर दिल्लीवर फोडणारे त्या वर्षाचे स्पष्टीकरण देत नाहीत.

रांगडा

मूळ प्रश्नाला एक दुरुस्ती. पक्षाचे नाव झाकले तर राज्याचे नावही झाकावे लागेल, आणि ते जमणार नाही. एप्रिल २०२४ मध्ये, लोकसभेचा प्रचार ऐन रंगात असताना, २,००० टन पांढऱ्या कांद्याच्या निर्यातीला परवानगी मिळाली आणि तो कांदा गुजरातचा होता. महाराष्ट्रात ओरड झाल्यावर सहा देशांसाठी ९९,१५० टनांचा आकडा जाहीर झाला. त्यातल्या बऱ्याचशा परवानग्या आधीच दिलेल्या होत्या. पांढरा कांदा मुख्यतः निर्यातीसाठीच पिकवला जातो, हे सरकारचे स्पष्टीकरण अगदीच पोकळ नव्हते, परंतु तोच न्याय लाल कांद्याच्या निर्यातदाराला का नाही, याचे उत्तर त्यात नव्हते. ४ मे रोजी बंदी उठली आणि २० मे रोजी नाशिक व दिंडोरीत मतदान झाले. दोन्ही जागा सत्ताधारी आघाडीने गमावल्या. मात्र मतांवरून धोरणाची पारखही करू नये, कारण त्याच नाशिक जिल्ह्याने नोव्हेंबरमध्ये विधानसभेच्या जवळजवळ सर्व जागा महायुतीला दिल्या.

कसमादे

सर्वांचे आभार. तारखेचा निकष पटला. मग हस्तक्षेप केव्हा करायचा याचा नियमच आधी लिहून ठेवला तर पक्षपाताला जागा कमी उरेल का?

हिशेबवही

असा नियम एकदा कायद्यात लिहिला गेला होता. २०२० च्या जीवनावश्यक वस्तू कायद्यातील दुरुस्तीनुसार, फळे-भाजीपाल्याची किरकोळ किंमत मागील बारा महिन्यांतील किंमत आणि पाच वर्षांची सरासरी यांपैकी जी कमी असेल तिच्या दुप्पट झाली तरच साठ्यावर मर्यादा घालता येणार होती. मात्र निर्यात परकीय व्यापाराच्या वेगळ्या कायद्याखाली येते, त्यामुळे तिला हे बंधन नव्हते. लोकसभेत ही दुरुस्ती मंजूर होण्याच्या आदल्याच दिवशी, १४ सप्टेंबरला, कांद्याची निर्यात बंद झाली. ही दुरुस्ती तीन कृषी कायद्यांपैकीच एक होती, आणि २०२१ मध्ये ते तिन्ही रद्द झाले तेव्हा तीही गेली. त्या वादात डावे पक्ष आणि पंजाबातील संघटना एका बाजूला होत्या, तर १९८० मध्ये चाकणला कांद्याचे आंदोलन करणाऱ्या शरद जोशींच्या विचाराची मंडळी खुल्या बाजाराच्या बाजूने उभी होती. डावे-उजवे या मापाने शेतकऱ्यांची बाजू ठरत नाही.

रांगडा

नियमाला माझा विरोध नाही, पण तो किरकोळ किमतीवर बेतला की तराजू पहिल्यापासूनच ग्राहकाकडे झुकतो. भाव दुप्पट झाला की मर्यादा घालायची असेल, तर बाजार समितीतला भाव उत्पादनखर्चाच्या खाली गेला की काय करायचे, हेही त्याच कलमात लिहिलेले असावे. कांदा हमीभावाच्या यादीत नाही, त्यामुळे तो खर्च कोणी आणि कसा काढायचा इथपासूनच सुरुवात करावी लागेल.