कॉर्न स्नेकच्या जोडीचा जनुकीय हिशेब : मदत हवी आहे

मी इंग्लंडमध्ये कॉर्न स्नेक पाळतो आणि पुढील हंगामासाठी जोडी ठरवताना जाणकारांचा सल्ला हवा आहे. (भारतात देशी साप घरी पाळण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे, त्यामुळे हा प्रश्न इथल्यापुरताच समजावा.)

माझी मादी दिसायला सामान्य रंगाची आहे. परंतु तिचा बाप स्नो, म्हणजे काळे आणि तांबडे ही दोन्ही रंगद्रव्ये नसलेला, असल्यामुळे अ‍ॅमेलॅनिझम आणि अ‍ॅनेरिथ्रिझम या, अनुक्रमे काळे व तांबडे रंगद्रव्य घालवणाऱ्या, दोन्ही अप्रभावी (म्हणजे दोन प्रती असल्या तरच गुण दाखवणाऱ्या) जनुकांची एकेक प्रत तिच्यात नक्की आहे. नर अ‍ॅमेलॅनिस्टिक आहे. त्याचे आईबाप दोघेही अ‍ॅनेरिथ्रिझमचे केवळ वाहक (एकच प्रत असलेले) होते आणि त्याच्या अंगावर तो गुण दिसत नाही, म्हणून तो वाहक असण्याची शक्यता दोन तृतीयांश धरावी लागते. मला स्नो पिल्ले हवी आहेत; तो वाहक असल्यास प्रत्येक पिल्लू स्नो निघण्याची शक्यता १/८, नसल्यास शून्य.

माझी अडचण अशी की, समजा बारा पिल्ले झाली आणि तांबडा रंग नसलेले त्यांत एकही निघाले नाही, तर वाहक नराकडून असे घडण्याची शक्यता सुमारे ३ टक्के येते आणि मूळची दोन तृतीयांश शक्यता जमेस धरता तो वाहक असण्याची शक्यता जवळपास ६ टक्के उरते. एवढ्यावर त्याला बाद करावे, की आणखी एका विणीची वाट पाहावी? मादीचा सख्खा भाऊ, तिच्यासारखाच दोन्हींचा वाहक, उपलब्ध आहे, पण तिथे स्नोची शक्यता १/१६ आणि नातेही फार जवळचे, म्हणून तो पर्याय मला पटत नाही. बिगरनात्यातला स्नो नर आणल्यास हीच शक्यता १/४ होते. अनुभवी मंडळी तो खर्च करतील का?