रविवारचे रोडगे नदीवर नको

पिंटू: पाऊस उघडला बाप्पा एकदाचा, ऊन पडलं कडक. रविवारी रोडगे नदीवरच करू, घाटाखालच्या रेतीत, पुण्याचे पोट्टे पण आले आहेत थोडं पाण्यात खेळतील

काकू: रोडग्याची कणिक भाजाच्या गवऱ्या ओल्या झाल्या रे साऱ्या, कोठ्यातल्या वरच्या थप्पीच्या तेवढ्या कोरड्या आहेत

मोठेबाबा: नदीवर कोणी जाणार नाही. पिंटू, ऊन आपल्या गावात पडलं पण वर्धा नदी आपल्या गावातून निघत नाही, ती निघते मुलताईकडून, बैतूल जिल्ह्यातून. तिकडे रात्री पाऊस झाला का ते पाणी अप्पर वर्धा धरणात येते आणि धरण भरत आलं असलं का दरवाजे उचलतात, मग तेच पाणी आपल्या घाटावर. इथलं आभाळ पाहून नदीत उतरायचं नाही

पिंटू: पण मोठेबाबा घोटाभरच पाणी आहे, मी सकाळीच पाहून आलो

मोठेबाबा: घोटाभर आहे म्हणूनच भेव वाटते मले. पाणी भरून असलं तर कोणी पाय नाही टाकत, घोटाभर असलं का पार मधातल्या रेतीवर जाऊन बसते माणूस आणि पाणी पहिले कडेच्या धारेनं चढते, म्हणजे परत यायची वाटच बुडते. मी घाटावर बसून पाहिलं आहे, चहा संपेस्तोवर ४ पायऱ्या गेल्या, आधी पाणी गढूळ झालं, मग काडीकचरा अन् फेस आला अन् मग आवाज

ताई: आमच्या इकडे सगळे म्हणून राहिले का धरण भरेपर्यंत थांबतात आणि मग एकदम सोडतात, आधीच थोडं थोडं काहून नाही सोडत?

भाऊजी (मोर्शी): सोडतात ना ताई. कोणत्या महिन्यात किती पातळी ठेवायची हे ठरलेलं असते, जुलै-ऑगस्टात पुरासाठी जागा ठेवायची आणि पावसाळा संपता संपता पूर्ण भरायचं. पण सारंच आधी सोडलं आणि सप्टेंबर कोरडा गेला तर अमरावतीच्या नळाले पाणी कुठून येईन आणि आपल्या हरभऱ्याले कॅनॉल कुठून सुटन? म्हणून येवा, म्हणजे वरून धरणात किती पाणी येऊन राहिलं ते पाहून १३ दरवाज्यांपैकी कधी ३ उचलतात कधी सारे, तेही काही सेंटिमीटरनं. पाणी सोडल्याच्या मेसेजमध्ये क्युमेक लिहून येते ना, १ क्युमेक म्हणजे सेकंदाले १००० लिटर. ५०० लिहिलं असलं तर १० हजार लिटरवाले ५० टँकर दर सेकंदाले खाली येऊन राहिले असं समजायचं

पिंटू: ५० टँकर सेकंदाले 😳

भाऊजी (मोर्शी): आणि भोंगा धरणाजवळच ऐकू येते, तुमच्या गावापर्यंत नाही. तुम्हाले तहसीलचा मेसेज नाहीतर कोतवालाची दवंडी, आणि रेतीत स्पीकर लावून बसलेल्या पोट्ट्यांले दवंडी काय ऐकू येणार

काकू: मग धरणावरच नेऊ ना लेकरं, गेट पाहतील, नावेत फिरतील

ताई: नाव तर नावच नको काढू काकू. वरुडजवळ झुंजले २०२१ च्या सप्टेंबरमध्ये वर्धा नदीत नाव उलटली, ११ माणसं गेली, वरुडवरून जातो तेव्हा अजून पोटात कालवते. २०१७ ले नागपूरजवळ वेणा तलावात नाव उलटून ८ पोट्टे गेले, तिथं तर पूरही नव्हता, तलावाचं पाणी. पोहता येणारा पण बुडते, गाळात पाय फसला का संपलं. लाईफ जॅकेट नसन तर कोणीच बसायचं नाही, मोठे पण नाही

मोठेबाबा: गेट पाहायचे तर पुलावर नाही थांबायचं, गाडी दूर लावून वरच्या बाजूनं पाहायचं. खालच्या दगडावर फोटोले कोणी उतरलं तर मी तिथूनच गाडी परत फिरवीन

पिंटू: बरं मोठेबाबा, रोडगे वावरातच करू, कोठ्याच्या ओसरीत. मी घाटावरच्या पोट्ट्यांच्या ग्रुपवर पण टाकतो, तेही रविवारी रेतीत जाऊन राहिले

काकू: वांगे १ किलो जास्त आण मग, त्यांलेही इकडेच बोलाव