प्रोस्टेटचा त्रास : घोळ नेमका कुठे होतो? कामातल्या माणसांचे अनुभव

प्रोस्टेट म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी, वयानुसार ती वाढली की लघवीला अडथळा येतो. पन्नाशीनंतरचा हा घरोघरचा विषय, पण बोललं जातं दबक्या आवाजात. ओपीडी, लॅब, औषधांचं दुकान, वॉर्ड इथे रोज हे पेशंट पाहणाऱ्यांनी लिहावं. आपबीती नको, नेमकं उपयोगाचं हवं.

युरोलॉजी ओपीडी, परळ
येताना तीन दिवसांची नोंद आणा : किती वाजता, किती मिली लघवी झाली, काय प्यायलात. मापाचा प्लास्टिकचा जग पुरतो. रात्रीची लघवी (सकाळी उठल्याची पहिली धरून) चोवीस तासांच्या एक तृतीयांशाहून जास्त भरली, तर मूळ बहुधा प्रोस्टेटमध्ये नसतं. पायांची सूज, झोपेत श्वास अडकणं, संध्याकाळनंतरचं पाणी हे बघावं लागतं. नोंद नसेल तर अशा माणसाला उगाच प्रोस्टेटची गोळी लागते.

धारेच्या तपासणीला किमान १५० मिली लघवी हवी. लोक रांगेत बसून बाटल्याच्या बाटल्या पाणी पितात. मूत्राशय अति ताणलं की धार मंदावते आणि रिपोर्ट फसवा येतो. सेकंदाला १० मिलीपेक्षा कमी वेग अडथळा सुचवतो, पण मूत्राशयाचा स्नायू थकला तरी तेवढाच येतो. म्हणून लगेच सोनोग्राफीत मागे उरलेली लघवी मोजतात.

लॅब टेक्निशियन, बोरिवली
पीएसएला (प्रोस्टेटसाठीची रक्ततपासणी) उपाशीपोटी यायची गरज नाही. आधीचे ४८ तास वीर्यस्खलन आणि सायकल टाळा. लघवीत संसर्ग झाला असेल किंवा लघवी तुंबून नळी घातली असेल, तर साधारण सहा आठवडे थांबा, नाहीतर आकडा वाढलेला येतो आणि घरभर कॅन्सरची धास्ती पसरते. फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड (प्रोस्टेट लहान करणारी औषधं) चालू असेल तर फॉर्मवर लिहाच. सहा महिन्यांत पीएसए निम्म्यावर येतो, म्हणजे २.५ आला तर ५ धरून विचार करायचा. ही एक ओळ राहिली की खरा धोका नजरेतून निसटतो.

फार्मासिस्ट, गिरगाव
टॅम्सुलोसिन (लघवीची वाट सैल करणारी गोळी) जेवणानंतर घ्या. अंथरुणातून झटकन उठू नका, चक्कर येते. मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं तर डोळ्यांच्या डॉक्टरांना ही गोळी सांगा, ऑपरेशनच्या वेळी बुबुळ सैल पडतं. ड्युटास्टेराइडचा गुण यायला महिने लागतात, ‘फरक नाही’ म्हणून पंधरा दिवसांत सोडू नये. आणि काका, सर्दीची गोळी परस्पर मागू नका! तिच्यातल्या फिनाइलेफ्रिन, क्लोरफेनिरामिन यांनी वाढलेल्या प्रोस्टेटवाल्याची लघवी अचानक तुंबू शकते.

युरोलॉजी ओपीडी, परळ
विरारहून येणाऱ्यांसाठी राहिलंच. लोकलमध्ये शौचालय नाही म्हणून दिवसभर पाणी तोडू नका. लघवी दाट झाली की जळजळ वाढते. निघण्याआधी एकदा जाऊन या, दोन मिनिटं थांबा, पुन्हा जा.

वॉर्ड सिस्टर, सायन
लघवीसाठी नळी घातली असेल तर तिची पिशवी कायम कमरेखाली, पण जमिनीला टेकलेली नको. नळी मांडीला चिकटवा. लघवी थांबली तर आधी नळी मुडपली आहे का बघा. नळी ओढून काढू नका. आत फुगा फुगवलेला असतो, रक्तस्राव होतो. थंडी वाजून ताप, लघवीत रक्ताच्या गुठळ्या, किंवा ओटीपोट टणक होऊन थेंबही न येणं, यातलं काहीही झालं तर सकाळपर्यंत थांबायचं नाही. सरळ कॅज्युअल्टी गाठा.