मदत हवी आहे: घरात पाणी शिरून काडतुसं भिजली, चालतील का?

सागर_चुनाभट्टी
अर्जंट आहे. काल रात्री आमच्या तळमजल्यावर पाणी शिरलं. बाबांची काडतुसं कपाटाच्या खालच्या खणात होती, सगळी भिजली. पुसून पंख्याखाली ठेवली आहेत, वरून कोरडी वाटतात. सोमवारी बाबांची ड्यूटी आहे. चालतील की नाही एवढंच सांगा.

रेंजवाली
कसली काडतुसं? रिव्हॉल्व्हरची की बारा बोअर, म्हणजे छर्‍यांच्या बंदुकीची? पुंगळी, म्हणजे बाहेरचं कवच, कागदी, प्लास्टिकचं की पितळी? किती वेळ पाण्यात होती?

भांडुपकर
बिनधास्त चालतात. उन्हात दोन दिवस टाक, खडखडीत होतील. गावी आमच्या आजोबांची अशीच भिजली होती, एकही बार फुसका गेला नाही.

माजी_सुभेदार
आम्ही एसएलआर रायफल घेऊन छातीभर पाण्यातून ओढे पार केलेत. मॅगझिनसकट भिजायचं सगळं. फायर व्हायचं. घाबरू नका.

रेंजवाली
सुभेदार साहेब, तुमची ७.६२ ची गोळी लष्करी. पितळी पुंगळी, गोळीच्या मानेशी आणि बुडाच्या टोपीभोवती (घोडा आपटला की पेटते ती) सील. ती टिकणारच. पण याने अजून काय भिजलंय तेच सांगितलेलं नाही! आणि भांडुपकर, कृपया उन्हात वाळवायचे सल्ले देऊ नका. तव्यावर, हेअर ड्रायरने, उन्हात, काहीही नाही. आत दारू आहे.

परवाना_मार्गदर्शक
नूतनीकरणासाठी मुदत संपायच्या आधीच अर्ज करा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवाना तीनऐवजी पाच वर्षांचा झाला आहे आणि एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात. तिसरं असेल तर जमा करावं लागतं.

सागर_चुनाभट्टी
नूतनीकरण कोणी विचारलंय का? बारा बोअर आहे. बाबा कॅश व्हॅनवर गनमन आहेत, परवाना आणि बंदूक त्यांची स्वतःची. थोडी लाल प्लास्टिकची, थोडी जुनी कागदी. पाणी गटाराचं होतं, पहाटे ओसरलं. आता सांगा.

रेंजवाली
हे आधी सांगायचं ना भाऊ. कागदी आधी बाजूला काढ. कागद फुगतो, काडतूस नळीत बसत नाही, जबरदस्तीने बसवलं तर निघत नाही. ती गेलीच समज.

प्लास्टिकची फसवतात. पुंगळीला काही होत नाही, पण तिचं तोंड नुसतं घड्या घालून मिटवलेलं असतं, तिथून पाणी हळूहळू छर्‍यांत, मग वॅडमध्ये (छर्रे आणि दारू यांच्यामधला बोळा), मग दारूत उतरतं. मागून टोपीच्या कडेनेही शिरू शकतं. थोडा वेळ बुडालेलं प्लास्टिकचं काडतूस बर्‍याचदा उडतं, त्यामुळे आजोबांची गोष्ट खोटी नसेल. पण रात्रभरात कुठल्यात पाणी गेलं आणि कुठल्यात नाही, हे बाहेरून कोणालाही कळत नाही.

आणि न उडणं हे त्यातल्या त्यात बरं. दारू अर्धवट ओली असेल तर बार दबका होतो आणि वॅड नळीत अडकतो. घाईत दुसरं काडतूस घालून घोडा ओढला तर नळी फाटते. कधी टोपी पेटते पण बार उशिरा होतो. म्हणून घोडा पडूनही आवाज आला नाही तर नळी मोकळ्या दिशेला धरून निदान अर्धा मिनिट थांबायचं, लगेच उघडायचं नाही. कॅश व्हॅनवर तेवढी उसंत मिळेल का?

माजी_सुभेदार
बारा बोअर असेल तर मॅडमचं बरोबर. माझे शब्द मागे. बंदूक भिजली का रे? नळीत पाणी किंवा गाळ असेल तर नवीन काडतूसही घातक.

सागर_चुनाभट्टी
नाही काका, बंदूक वर खुंटीला होती.

जुन्या_नोंदी
ब्रिटिश काळात पावसाळ्यात तबेल्यांत ठेवलेल्या पितळी काडतुसांना आपोआप चिरा पडत. पुष्कळ वर्षं कारण सापडत नव्हतं. १९२१ साली समजलं की घोड्यांच्या मुतातला अमोनिया दमट हवेत पितळ खातो. बारा बोअरचं बूडही बहुधा पितळी किंवा पितळेचा मुलामा दिलेलं असतं, आणि गटाराच्या पाण्यातही अमोनिया असतो.

भांडुपकर
म्हणजे सगळं फेकून द्यायचं? पैसे काय झाडाला लागतात?

रेंजवाली
फेकायचं तर मुळीच नाही. कचर्‍यात किंवा नाल्यात सापडलं तर परवान्यावरच येईल, खरेदीची नोंद असते त्यावर. सागर, सगळी मोजून कोरड्या डब्यात घाल, वर "भिजलेली" असं लिही, चांगल्या काडतुसांत मिसळू देऊ नकोस. बाबांनी आधी पोलीस ठाण्यात लेखी कळवावं, मग परवानाधारक विक्रेत्याला विचारून जमा करावीत. नवीन तिथूनच.

सागर_चुनाभट्टी
बाबांचे गुडघे दुखतात, मीच नेऊन देऊ का?

माजी_सुभेदार
तुझ्या नावावर परवाना नाही, तू हातात घेऊन निघू नकोस. नुसत्या काडतुसांनाही आर्म्स ॲक्ट लागतो. टॅक्सी कर, बाबांना बसव, परवाना खिशात असू दे. सुपरवायझरला आजच फोन करून सांगा की काडतुसं बदलल्याशिवाय ड्यूटी होणार नाही. ऐकलं नाही तर मला मेसेज कर, मी बोलतो त्याच्याशी.

सागर_चुनाभट्टी
कागदी तीन फुगलेली दिसतायत आत्ताच. निघतो बाबांना घेऊन.